हिवाळी भरणाची एकदाणी

मनकर्णाच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना रेषाच राहिल्या नव्हत्या. तीस वर्षं गरम लाख वळून वळून ती बोटं चिंचोक्यासारखी कडक अन् गुळगुळीत झाली होती. रेशनच्या कार्डावर अंगठा घ्यायला आलेल्या बाबूनं तीनदा शाई लावली अन् तिन्ही वेळा कागदावर नुसता काळा ठिपका उठला.

"बाई, तुझ्या अंगठ्याच्या रेषा कुठे गेल्या?"

"लोकाइच्या गयात," मनकर्णा म्हणाली अन् डावा अंगठा पुढे केला.

लोकांच्या गळ्यात, यात खोटं काही नव्हतं. अमरावतीच्या सराफ्यामागच्या बोळीत वामनराव गिलटाचे दागिने घडवायचा. पितळेचा पत्रा कागदासारखा पातळ करायचा, ठशात ठोकून त्याच्या इवल्या वाट्या काढायच्या, दोन वाट्या एकमेकींवर ठेवून डाक दिला की झाला मणी. वरून सोन्याचं पाणी. बाहेरून बोराएवढा सोन्याचा मणी, आतून मात्र पोकळ. लेकरानं चावला तरी चेपेल असा. त्याच्या पोटात लाख गेली म्हणजे मग त्याला वजन यायचं अन् गळ्यावर तो बसायचा. ते पोट भरायचं काम मनकर्णाचं. शेगडीवर लाख मऊ करायची, तिची दोऱ्याएवढी वात ओढायची, मणी चिमट्यात धरून गरम करायचा अन् त्याच्या भोकात ती वात सारायची. एका मण्याला तीन वाती. मग तापल्या सुईनं आरपार भोक, दोरा जायला. असे बेचाळीस मणी ओवले की एक एकदाणी. बघणाऱ्या बाया वामनरावाच्या हाताची तारीफ करायच्या. मण्याच्या पोटात कोण डोकावतो?

आधी हे काम तिच्या नवऱ्याचं होतं. नत्थुजी तापानं गेला तेव्हा ऐन लगीनसराई होती. वामनरावानं तेरवीपर्यंत दम धरला अन् चौदाव्या दिवशी पोकळ मण्यांची चाळणी तिच्या उंबऱ्यावर आणून ठेवली. ती शेगडीपुढे बसली ती बसलीच.

चांगली लाख होती तोवर या कामात डोकं लागत नव्हतं. मेळघाटातून यायची, पळसाची, तांबूस, तोडली तर काचेसारखी तुटायची. तिच्यात मूठभर विटेचा भुगा घातला की ती वैशाखात पाघळत नव्हती अन् पौषात तडकत नव्हती. पण लढाई लागली अन् लाख मिळेनाशी झाली. कोणी म्हणे सरकारनं नेली, कोणी म्हणे गाण्याच्या तबकड्या करायला विलायतेला गेली. हाती यायची ती अर्धी लाख अन् अर्धा पाला. मग मनकर्णानं आपल्या डोक्यानं दोन भरणं काढली. उन्हाळी भरणात राळ अन् विटेचा भुगा जास्त. ते कडक असायचं, उन्हाला दाद द्यायचं नाही, पण थंडीत त्याला चीर जायची. हिवाळी भरणात मेण जास्त. ते थंडीत तडकायचं नाही, पण उन्हात त्याचा भरवसा नव्हता. कोणतं भरण कोणतं, ते ती दातानं ओळखायची. तोंडात डाव्या अंगाला दोनच दात उरले होते. उन्हाळी वात चावली की टक् वाजायची, हिवाळी वातीवर दाताचा खड्डा उठायचा. लग्न कोणत्या महिन्यात आहे, हे विचारल्याशिवाय ती शेगडी पेटवत नव्हती.

वलगावच्या सत्यभामा माळणीनं लेकीची एकदाणी सांगितली तेव्हाही तिनं विचारलं होतं. सत्यभामा रोज सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन अमरावतीला भाजी विकायला यायची. तिच्या वच्छलाचं लग्न माघात होतं, हिवरखेडच्या माळ्यांकडे. लढाईच्या साली सोन्याचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती. सगळ्या गावात गिलटच चालायचं अन् कोणी कोणाला विचारायचं नाही. मनकर्णानं बेचाळीस मणी हिवाळी भरणानं भरले, पटव्याकडून ओवून आणले अन् खिळ्याला टांगून ठेवले.

अन् नवरदेवाचा आजा मेला. सुतक, मग वर्षश्राद्धाचा घोळ, मग पंचांग. लग्न वैशाखात गेलं. एकदाणी खिळ्यालाच राहिली. तिच्यावर चुलीचा धूर बसला, एकदा पाल बसली.

लग्नाला आठ दिवस असताना सत्यभामा आली. तो दिवस कसा होता, ते सांगितलं पाहिजे. वामनरावानं सकाळपासून तीन चाळण्या आणल्या होत्या. मनकर्णाची पाठ शेगडीसमोर धनुष्यासारखी वाकली होती अन् सरळ व्हायचं नाव घेत नव्हती. ती म्हणाली होती, "वामनराव, मले आज होत नाई," तर तो हसत म्हणाला होता, "मनकर्णाबाई, लगीनसराई हाय. मरायचं असन तं जेठात मरा, मी सोता खांदा देतो." अन् चाळणी ठेवून गेला होता.

तेवढ्यात सत्यभामा दारात टोपलं उतरवून बसली. चार वांगी अन् सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी तिनं उंबऱ्यावर ठेवली.

"एकदानी दे वो माय. तयारी झाली ना?"

"खिळ्याले हाय."

"लगन दुपारच्या बाराचं हाय. भटजीनं तोच मुहूर्त काढला. आता वैशाखात बाराले! माणसं शिजतीन मांडवात."

मनकर्णानं ऐकलं. वैशाख हा शब्द ऐकला, बारा हाही ऐकला. हे हिवाळी भरण आहे, हेही तिला तिथंच आठवलं. बेचाळीस मणी सोडायचे, एकेक तापवून रिकामा करायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा ओवून आणायचे. अख्ख्या दिवसाचं काम. समोर तीन चाळण्या. ती उठली, हात लांब केला, एकदाणी पदरानं पुसली अन् सत्यभामेच्या हातात दिली.

"साजरी दिसते वो," सत्यभामा म्हणाली अन् टोपलं उचलून गेली.

त्या आठ दिवसांत मनकर्णानं त्याचा विचार केला नाही असं नाही. सावलीत असन, ती मनाशी म्हणायची. मांडव असन. पदर असन वरतून. असे तीनचार असन लावले की झोप लागायची.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती उठली, चुलीवर चहाचं आधण ठेवलं अन् कोनाड्याकडे पाहिलं. झरोक्यातून कोनाड्यात उन्हाचा पट्टा पडला होता. तिथं माघातल्या उरलेल्या हिवाळी वाती उभ्या करून ठेवल्या होत्या. सगळ्या वाती कमरेतून वाकून खाली आल्या होत्या. एकीचं टोक कोनाड्याच्या काठावरून लोंबत होतं अन् त्याखाली भिंतीवर तांबडा-काळा ओघळ होता, वाळल्या रक्तासारखा. दिवस अजून हातभरही वर आला नव्हता.

तो ओघळ तिला वच्छलाच्या मानेवर दिसला. अक्षता पडताना, हिवरखेडच्या सगळ्या बायांच्या देखत.

तिनं आधण खाली उतरवलं. फडक्यात लाखेचा गोळा, राळ, चिमटा अन् दोन सुया बांधल्या अन् ती वलगाववरून जाणारी परतवाड्याची मोटार पकडायला निघाली. पेट्रोल नव्हतं म्हणून मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. मागं बांधलेल्या टाकीला पोरगा पंखा मारत होता अन् मोटार खोकत होती.

"कवा निंगते बाप्पा?"

"मोटारले विचार," मोटारवाला म्हणाला. "मी बी तेच तिले इचारून राहिलो."

नागपुरी गेटापासून निघाली ती दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा माणसं ढकलायला उतरली. दुसऱ्या वेळी मनकर्णाही उतरली अन् मागून हात लावला. मोटारवाला ओरडला, "बुढे, तू कायले उतरली, तुह्यानं का जोर होते?" ती म्हणाली, "तुह्या मोटारीपेक्षा होते."

वलगावला पोचली तेव्हा साडेदहा झाले असतील. मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा होता, पण पानं सुकून आकसली होती अन् जागोजाग उन्हाच्या चकत्या खाली पडल्या होत्या. नवरानवरी उभी राहायची त्या पाटावर तर ताटाएवढा उजेड होता. मनकर्णानं आधी तो पाहिला. मग मागल्या दारानं गेली. सत्यभामा आचाऱ्याच्या चुलीपाशी उभी राहून वांग्याची भाजी चाखत होती.

"आली काय वो माय! बस, जेवून जा."

"एकदानी कोठी हाय?"

"कोठी म्हंजे? पोरीच्या गयात."

"काढ ते."

सत्यभामेनं हातातली पळी खाली ठेवली. "काय झालं?"

"हिवाळी भरन हाय त्यात. उन्हात पाघयन. मानीवर ओघळ येतीन."

आजूबाजूला माणसं होती म्हणून सत्यभामा तिला हाताला धरून कुडाच्या आडोशाला घेऊन गेली.

"तुले ठाऊक होतं?"

"होतं."

"मी न्यायले आली तवाच ठाऊक होतं?"

"तवाच."

"अन् तरी देल्ली?"

"देल्ली."

"काहून?"

मनकर्णा मोटारीतून येताना यावर बरंच काही जुळवत आली होती. लाख मिळत नाही, लढाई आहे, वामनराव ऐकत नाही. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"थकली होती मी," ती म्हणाली.

सत्यभामेच्या नाकपुड्या फुगल्या. "थकली होती! मी पहाटे चारले उठून वाफ्याले पानी देते, दोन कोस टोपलं वाहते, बजारात दिवसभर बोंबलते. मी थकली म्हनून तुले किडकं वांगं देल्लं का कधी?"

"नाई."

"मंग तोंड नव्हतं तुले? थकली म्हनाव. आठ दिसानं ये म्हनाव. मी आली असती. पोरीले काऱ्या मन्याच्या पोतीवर उभी केली असती, कोनाच्या बापाचं काय गेलं असतं?"

सत्यभामेनं पदरानं तोंड पुसलं. राग ओकून झाला होता अन् बारा वाजायला दीड तास होता.

"काढता नाई येत आता," ती म्हणाली. "सकाळी सुपात घालून व्याह्याइले दागिने दाखवले, मंग गयात घातले. एकदा घातले का हिवरखेडचा उंबरा वलांडेपर्यंत काढत नाईत त्याइच्यात. ते मानिकबाई आली हाय, नवरदेवाची मामी. तिची नजर घारीसारखी हाय."

"मंग थंड ठेवा लागन. वलं फडकं मन्याच्या खाली. मनी फिरवत राहा लागन, एकच मनी उन्हात राहू नाई द्यायचा. जो मऊ होईन त्याले चिमटीत धरून गार करायचा."

"कोनाले समजन कोनता मऊ झाला?"

मनकर्णानं नुसता आपला उजवा हात पुढे धरला.

सत्यभामेनं आधी तो हात पाहिला अन् मग तिचं कपाळ. कपाळ तीस वर्षांपासून कोरं होतं. नवरीच्या पाठीशी सवाशिणी उभ्या राहतात. तिथं विधवेला कोण उभी करतं? गावातून शिंगाचा आवाज आला. नवरदेव देवळातून निघाला होता.

"चाल," सत्यभामा म्हणाली. "तूच केलं, तूच निस्तर."

वच्छला आतल्या खोलीत हळदीच्या पिवळ्या लुगड्यात बसली होती. कपाळावरचा घाम मुंडावळीत जिरत होता. मनकर्णा मागे बसली अन् मानेवर बोट ठेवलं. मण्यांची पाठ कोमट होती, आतलं भरण अजून धरून होतं. तिनं ओलं फडकं घडी करून मण्यांखाली सारलं.

"मावशी, गार लागते वो. बरं वाटते," पोरगी म्हणाली.

"हालू नको. मान खाली ठेव."

"नवरीनं तसंही खालीच ठेवा लागते," वच्छला म्हणाली अन् हसली. या पोरीला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

पाटावर उभी केली तशी माणिकबाई पुढे आली. अंगानं भरलेली बाई, नाकात मोरणी. "हे कोन? कपाळ पाहा तिचं. सत्यभामाबाई, तुमच्या गावात सवासनी सरल्या का?"

"रीत हाय ते आमची," सत्यभामा तोंड भरून खोटं बोलली. "आमच्या घरात एकदानीवर राखनदारीन असते. माह्या लग्नातबी होती. तिच्याशिवाय पोरगी पाटावर चढत नाई."

माणिकबाईनं एकदाणीकडे पाहिलं. मग त्या म्हातारीकडे, जिनं मण्यांवरची चिमूट एक क्षणही सोडली नव्हती. मागं हिवरखेडच्या दोन बाया कुजबुजल्या. "राखायले मानूस ठेवलं वो! म्हंजे खरं असन." "अन् आपन गिलट समजून राहिलो."

माणिकबाई आपण होऊन अंतरपाटाच्या बाजूनं सरकली. मनकर्णाला हसूही आलं नाही. तिचं लक्ष बोटांत होतं.

भटजीला घाई नव्हती. एकेक मंगलाष्टक तो गवयासारखं लांबवत होता. उन्हाची ती ताटाएवढी चकती वच्छलाच्या खांद्यावरून गळ्याकडे सरकली. मनकर्णा मणी फिरवत होती. पुढचे मागे, मागचे पुढे, जशी जपमाळ, फक्त देवाचं नाव नव्हतं. तिसऱ्या मंगलाष्टकाला गळ्याच्या खळगीतला मणी बोटाखाली दबला. तिनं तो चिमटीत घेतला. भोकातून कोमट लाख निघाली अन् तिच्या बोटावर आली. मग शेजारचा. मग दोन आणखी. गारव्याला फडकं पुरेना. सत्यभामा मागून तांब्यानं फडक्यावर पाणी सोडत होती अन् ते वच्छलाच्या पाठीवरून कमरेपर्यंत वाहत होतं. बघणाऱ्यांना वाटलं, हीही त्यांची रीतच असेल.

"सावधान" झालं. अक्षता पडल्या. बँडवाले गाल फुटेस्तोवर वाजवू लागले. मनकर्णाच्या पाची बोटांची लाखेनं एक मूठ झाली होती अन् ती मूठ एकदाणीला चिकटली होती. वच्छलाच्या मानेवर ओघळ नव्हता. चोळीच्या काठाला मात्र तुरीएवढा एक डाग पडला. तो सत्यभामेनं हळदीच्या बोटानं झाकला.

वच्छलाला सावलीत आणून मनकर्णानं एकेक बोट सोडवलं. भाजी-भात खाऊन झाडाखाली आडवी होते न होते, तोच सत्यभामा पायाशी येऊन उभी राहिली.

"झोपली का?"

"नाई."

"हिवरखेडले उद्या दुपारी पोचतीन. वाटंनं ऊनच ऊन. पोरीसंगं पाठराखीन जा लागते. माही सासू जानार होती. तिचे गुडघे तसेही चालत नाईत. तू जाशीन."

मनकर्णानं डोळे मिटले. घरी चाळण्या साचल्या होत्या. वामनराव दारात येऊन शिव्या देणार होता. अंग असं झालं होतं की जमिनीत उतरलं तरी चालेल. पण नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

"फडकं दुसरं दे," ती म्हणाली. "हे फाटलं."

अमरावतीपर्यंत छकडा, तिथून बडनेरा, बडनेऱ्याहून गाडीनं अकोला, पुढे मोटारीनं तेल्हारा अन् मग बैलगाडी. सगळ्या वाटेत ती वच्छलाच्या शेजारी, हातात ओलं फडकं. प्रत्येक ठेसनावर नळ शोधायचा, फडकं पिळायचं. वच्छला तिच्या खांद्यावर झोपली, रडली, पुन्हा झोपली. एकदा तिनं विचारलं, "मावशी, तुमाले झोप नाई येत का?"

"येते. पन तुह्या गयाले माह्या झोपीचा भरवसा नाई."

दुसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर गाडीत आणखी सहा मणी मऊ पडले. ते सहा तिनं चिमटीत धरून आणले. उंबऱ्यावरचं माप वच्छलानं पायानं लोटलं अन् देवापुढे बसून झाल्यावर एकदाणी गळ्यातून निघाली. मनकर्णानं ती घेतली अन् सरळ चुलीपाशी जाऊन बसली. चुलीच्या मागची एक फुटकी वीट उचलली, वरवंट्यानं कुटली, कपड्यातून गाळली. बेचाळीस मणी रिकामे केले, लाखेत राळ अन् विटेचा भुगा घातला, वात ओढली, चावली. टक् वाजली. तेव्हा भरायला घेतलं. दिवस बुडला तरी ती तिथंच होती. शेवटचा मणी ओवून तिनं गाठ मारली अन् एकदाणी वच्छलाच्या हातात दिली.

"हे उन्हाळी हाय. थंडीत चीर जाईन. मार्गशीर्षात माहेरी येशीन तं घेऊन ये."

"अन् मंग उन्हाळ्यात?"

"मंग पुन्हा घेऊन ये."

पाठराखणीला सासरी कोणी काम सांगत नाही. ती पाहुणी असते. तिनं बसून खायचं अन् आठ दिवसांनी लुगडं घेऊन परत जायचं. मनकर्णाला ओसरीवर सतरंजी टाकून दिली. ती टेकली. तीस वर्षांत पहिल्यांदा समोर शेगडी नव्हती. पाठीच्या मणक्यांनी आवाज करत एकेक जागा सोडली.

तेवढ्यात माणिकबाई आली. पदराआडून तिनं एक पुरचुंडी काढली अन् इकडे तिकडे पाहून सोडली. आत माळेतल्या गिलटाच्या पोकळ पुतळ्या होत्या, दोन चेपलेल्या, तीन तडकलेल्या. तिच्या मागं आणखी तिघी उभ्या होत्या, प्रत्येकीच्या मुठीत काहीतरी.

"बाई, तुमचं काम मी चुलीपाशी पाह्यलं," माणिकबाई हळू आवाजात म्हणाली. मांडवातला तोरा कुठच्या कुठे गेला होता. "आमचंही हेच हाय वो. कोनाले सांगू नका. एवढं जरा भरून द्या आजच्या आज. उद्या सूनमुखाले घालायचं हाय."

मनकर्णाचा हात सवयीनं पुतळ्यांकडे गेला. एक पुतळी तिनं उचलली, दाबली, मागं फिरवून पाहिली. कोण्या आडगावच्या कारागिरानं नुसतं मेण भरलं होतं. मग तिनं ती पुतळी परत पुरचुंडीत ठेवली अन् पुरचुंडी माणिकबाईकडे सरकवली.

"आज होत नाई," ती म्हणाली. "थकली मी. रेटून केलं तं वाईट होईन. परवा या."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. माणिकबाईला वाटलं, ही भाव खाऊन राहिली. ती काही बोलणार, तोवर मनकर्णा कुशीवर वळली होती अन् घोरायला लागली होती. बायांनी मग आपापल्या पुरचुंड्या तिच्या उशाशी रांगेनं ठेवल्या अन् पावलं न वाजवता आत गेल्या.